कपाटातलं घड्याळ

त्या दिवशी घड्याळाच्या दुकानात आमच्याकडून चौघं होतो. मी, माझा मुलगा, सून, आणि जिचं लग्न ठरलं होतं ती नात. त्यांच्याकडून धुळ्याहून तिघं आले होते. नवरा मुलगा, त्याची आई आणि त्याचे मोठे काका. काकांना सगळे नाना म्हणतात. माझ्यापेक्षा वयाने लहान आहेत, पण मीही नानाच म्हणते. मुलाला वडील नाहीत, म्हणून बोलायचं सगळं नानांकडे. काउंटरच्या आत दुकानाचे शेठ होते आणि त्यांच्याकडे कामाला एक मुलगी होती. एवढीच माणसं. तिथे ज्याने त्याने आपलं वेगळं ऐकलं, म्हणून कोण कोण होतं ते मी आधी सांगून ठेवते.

आमच्या खान्देशात लग्नाच्या कापडाच्या खरेदीला बस्ता म्हणतात. दोन्हीकडची माणसं मिळून जळगावला येतात, दुकानात गाद्यांवर बसतात, दुकानदार चहा पाजतो, आणि सकाळी आत गेलेलं माणूस दिवे लागल्यावर बाहेर पडतं. तो बस्ता झाला होता. साड्या बघून बघून माझे डोळे चुरचुरत होते. गुडघे धरले होते. मला वाटलं, चला, सुटलो. तर मुलगा म्हणाला, "माय, अजून नवरदेवाचं घड्याळ राहिलं."

मी म्हटलं, "ते तू एकटा जाऊन घे ना."

"नाही. सगळ्यांसमोर घ्यायचं. तूपण ये."

तो का म्हणत होता ते मला माहीत होतं. तुम्हाला माहीत नाही, म्हणून सांगते.

माझं माहेर दोंडाईचाचं. वडील कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला, आई आणि मी मिरचीचे देठ खुडायला. मिरची खुडून हात असे भाजायचे की भाकरी थापताना पाणी लावलं तरी आग व्हायची. शाळा चौथीपर्यंत. माझ्या लग्नात सासरच्यांनी घड्याळ मागितलं. तेव्हा नवरदेवाला घड्याळ म्हणजे मोठी गोष्ट. वडील म्हणाले, आता नाही जमत, आखाजीला देतो. आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया, त्या सणाला आमच्याकडे लेकी माहेरी येतात, तेव्हा जावयाचं काय राहिलं असेल ते देऊन टाकतात. मांडवात सगळ्यांनी मान डोलावली. मग जिनिंग बंद पडली. आखाजी आली आणि गेली. पुढच्या आखाजीला वडीलच नव्हते.

माझा नवरा वाईट माणूस नव्हता. मारलं नाही, दारू नाही. पण चारचौघांत कोणी विचारलं ना, काय वाजले, की तो शर्टाची बाही मागे करायचा, मोकळं मनगट डोळ्यांसमोर धरायचा, आणि म्हणायचा, "थांबा, सासऱ्याच्या घड्याळात बघतो." लोक हसायचे. मी चहा देत असायचे, नाहीतर दारात धान्य निवडत बसलेली असायचे. हसून घ्यायचे. दुसरं काय करणार.

किती वर्षं हे चाललं ते सांगून उपयोग नाही. मुलाने पहिल्या पगारात बापाला घड्याळ आणून दिलं. तेव्हा तो डाळ मिलमध्ये नवा लागला होता. बापाने घड्याळ हातात घातलं, खूश झाला. दुसऱ्या दिवशी शेजाऱ्याने वेळ विचारली तर हातात घड्याळ असताना म्हणाला, "सासऱ्याच्या घड्याळात बघू का पोराच्या?" जिभेला सवय लागली की ती जात नाही. मुलगा तिथेच उभा होता. त्याने तेव्हापासून मनात धरलं होतं. आपल्या मुलीच्या लग्नात घड्याळ असं घ्यायचं, की कोणाला तोंड उघडायला जागा नको.

म्हणून आम्ही सगळे त्या दुकानात गेलो.

दुकान सराफ्याच्या बाजूला. शेठ मारवाडी, पण त्यांची आई आणि ते दोघं इथेच जन्मलेले, बोलणं आपल्यासारखंच. आत एवढा गारवा की मी पदर अंगभर घेतला. भिंतीला सगळीकडे घड्याळं, आणि प्रत्येकात दहा वाजून दहा मिनिटं झालेली. मी नातीला हळूच म्हटलं, "सगळी बंद आहेत काय गं?" ती म्हणाली, "आजी, दाखवायला तशीच ठेवतात. छान दिसतं."

शेठनी आम्हाला पाणी दिलं आणि विचारलं, "नवरदेव काय काम करतात?"

नाना म्हणाले, "शेठ, तुम्ही घड्याळ दाखवा. मुलगी द्यायची का तुम्हाला?"

"दोन्ही दिल्या, नाना. आता घड्याळंच राहिली घरात." शेठ हसले. "काम विचारावं लागतं. डॉक्टर आला तर मी त्याला पातळ देतो, बाहीखाली जाईल असं. केळीचा बागाईतदार आला तर पाण्यात चालणारं, मोठ्या आकड्यांचं. मोटरीजवळ हात ओले असतात आणि चष्मा घरी राहिलेला असतो. वकिलाला चामड्याचा पट्टा. घामाने चामडं कुजतं, पण वकील सावलीत बसतो. आणि जो माणूस नुसता लग्नाला जातो, त्याला लांबून चमकेल असं."

"हे शेवटचं आमचंच सांगितलं," नाना म्हणाले, आणि सगळे हसले.

नवरा मुलगा खाली बघून हळू आवाजात म्हणाला, "खत-बियाण्याचं दुकान आहे. पोती उचलावी लागतात."

शेठनी लगेच खालच्या खणातून एक काढलं. काळं, रबरी पट्ट्याचं. "मग हे. आपटलं, घासलं, धुळीत पडलं, काही होत नाही. हेसुद्धा चांगल्या कंपनीचं आहे, हलकं समजू नका."

मुलाने ते हातात घातलं. हात वर-खाली करून बघितला, जसं पोतं उचलतात तसा. मी त्याच्याकडे बघत होते. त्याच्या तोंडावर दिसत होतं की त्याला हेच पाहिजे. नाना म्हणाले, "अरे, हे शाळेतल्या पोरांचं वाटतं. मांडवात लोकं विचारतील सासऱ्यानं काय दिलं. हे दाखवशील?"

त्याने काढून काचेवर ठेवलं.

माझा मुलगा म्हणाला, "शेठ, भारीतलं दाखवा."

मग कामाच्या मुलीने हातात पांढरे मोजे घातले आणि मखमलीच्या तबकात घड्याळं आणली, देवाचे टाक आणतात तशी. एक होतं, चंदेरी पट्ट्याचं, निळ्या तबकडीचं. परदेशी. शेठनी ते उलटं केलं तर मागे काच, आणि आत पिवळी पिवळी चाकं, मुंगीच्या डोळ्याएवढी. सेकंदाचा काटा टिकटिक करत नव्हता. तेलाची धार पडते तसा सरकत होता. मला ते आवडलं, खोटं कशाला बोलू.

शेठनी विचारलं, "एकच सांगा. रोज घालणार का कधीमधी?"

मुलाची आई म्हणाली, "रोज कसाले? इतलं महागनं..."

नानांनी तिला पुरं बोलू दिलं नाही. आमच्याकडे बघून म्हणाले, "रोज. रोजच घालेल. आमच्यात वस्तू कपाटात ठेवायला घेत नाहीत."

"मग हेच घ्या," शेठ म्हणाले. "ह्याला सेल नाही. हाताच्या हालचालीवर चालतं. माणूस फिरला, काम केलं, की ह्याला आपोआप चावी बसते. नीट वापरलं तर नातू घालेल."

"सेल लागत नाही?" मुलाची आई म्हणाली. "मंग तर खर्चच नाही."

शेठ अजून काहीतरी सांगत होते, पण कोणी ऐकत नव्हतं. नानांनी परदेशी ऐकलं. याहिणीने, म्हणजे मुलाच्या आईने, सेल लागत नाही ऐकलं. माझ्या मुलाने सगळ्यात भारी ऐकलं. मी तो काटा बघत होते. माझी नात नवऱ्या मुलाकडे बघत होती, आणि तो त्या काळ्या रबरी घड्याळाकडे. माझ्या मुलाने किती दिले ते त्याने मला सांगितलं नाही, मी विचारलं नाही. बाहेर पडलो तेव्हा त्याचं तोंड असं झालं होतं, जसं खूप वर्षं डोक्यावर धरलेलं ओझं कोणी उतरवून घ्यावं.

लग्न झालं. मांडवात नानांनी नवरदेवाचा हात धरून पाच-पंचवीस लोकांना दाखवला. मागची काचसुद्धा दाखवली. लोकं चाकं बघायला वाकून गर्दी करत होते. कोणी काही कमी बोललं नाही. मी एका खुर्चीवर बसून होते. वाटलं, चला, हे एक संपलं आपल्या हयातीत.

नात धुळ्याला गेली. ती नर्स आहे, तिला तिकडे दवाखान्यात काम मिळालं. फोन यायचा. बरं आहे, म्हणायची. आवाजावरून मला समजतं, पण विचारून काय करणार. सासरी नव्या मुलीला बरं आहे म्हणावंच लागतं, ते मीही म्हटलेलं आहे.

आखाजीला ती आली. ऊन असं की दुपारी रस्त्यावर कुत्रंही दिसत नाही. आली, पाणी प्यायली, पर्स उघडली आणि रुमालात बांधलेलं काहीतरी माझ्या हातात दिलं. रुमालाला हळद-कुंकू लागलेलं. आत घड्याळ.

"बंद आहे," ती म्हणाली.

मग तिने सांगितलं. सत्यनारायण झाला त्या संध्याकाळी सासूने घड्याळ मुलाच्या हातातून काढून घेतलं. एवढं महागाचं, दुकानात युरियाचे हात, पोती, खराब होईल. हळद-कुंकू लावलं, रुमालात बांधलं आणि लोखंडी कपाटात, आपल्या सोन्याच्या डबीशेजारी ठेवलं. किल्ली कंबरेला. ह्यात वाईट काही नव्हतं. चांगली वस्तू आम्हीपण अशीच ठेवतो. माझ्या लग्नाचं लुगडं मी किती वेळा नेसले असेन? पुढे पारोळ्याला त्यांच्या जवळच्यांचं लग्न निघालं. निघायच्या वेळेला सासूने रुमाल सोडला, तर काटे थांबलेले. हातात घेऊन बघितलं, जरा चाललं. खाली ठेवलं, परत थांबलं. असं दोन-तीनदा झालं. सासू घाबरली. शुभकार्याला निघताना बंद पडलेलं घड्याळ. तिने मुलाला घालू दिलं नाही. पारोळ्याच्या मांडवात लोकं विचारायला लागले, ते मागच्या काचेचं घड्याळ कुठं आहे? नानांना मान खाली घालावी लागली. तिथून घरी आल्यावर नानांचं सुरू झालं.

"काय सुरू झालं?" मी विचारलं.

ती म्हणाली, "जेवायला बसले की मोठ्याने विचारतात, काय वाजले रे? सासऱ्याच्या घड्याळात बघ."

हे वाक्य मी कोणाला सांगितलेलं नव्हतं. नातीला तर नाहीच. आजोबा गेले तेव्हा ती लहान होती. तिला माहीत नव्हतं की हेच शब्द मी किती ऐकले आहेत. तिकडे धुळ्यात दुसऱ्याच माणसाच्या तोंडून तेच शब्द निघाले.

"आणि तो काय म्हणतो, तुझा नवरा?"

"काही नाही. खाली मान घालून जेवतो."

"हसतो का?"

तिने आठवून बघितलं. "हसत नाही."

"बरं," मी म्हटलं.

सासूने निघताना तिला सांगितलं होतं, आखाजीला चाललीस तर हे घेऊन जा, नीट करून आण, मगच ये. आवाज वाईट नव्हता, म्हणे. पण मगच ये, असं म्हणाली. नातीने आपल्या बापाला हे सांगितलं नाही. मीही सांगितलं नाही. फक्त घड्याळ बंद आहे एवढंच सांगितलं. तो बराच वेळ ते हातात धरून बसला. म्हणाला, "एवढं भारीतलं घेतलं होतं, माय." मला त्याच्याकडे बघवलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी दुकानात जायचं ठरलं. त्या सकाळी आमच्याकडे बिबड्यांचं काम होतं. बिबडे म्हणजे ज्वारीच्या पिठाचे पापड. पीठ आंबवून मोठ्या पातेल्यात शिजवायचं, गच्चीवर थापून वाळवायचं. शेजारच्या बाया मदतीला आलेल्या, घरात येणं-जाणं, पोरंसोरं. नात मला म्हणाली, "आजी, हे घड्याळ तुझ्याजवळ ठेव. पर्स कुठे ठेवू मी?" मी कुठे ठेवणार? कंबरेच्या पिशवीत तंबाखूची डबी. म्हटलं, दे इकडे, आणि हातात घातलं. माझा हात काडीसारखा. ते कोपरापर्यंत वर सरकलं आणि तिथे अडकलं. वरून पदर घेतला.

सून पातेल्याजवळ थकली म्हणून चाटू मी घेतला. बिबड्याचं पीठ घाटणं म्हणजे दोन्ही हातांचं काम. हात थांबला की पीठ खाली लागतं. मी घाटत राहिले. धुरात डोळ्यांतून पाणी येत होतं. मग गच्चीवर थापायला बसले. एक बाई मला म्हणाली, "आक्का, हे कोपराला काय बांधलं? दंडकडं केलं का नवीन, म्हातारपणी?"

मी म्हटलं, "जावयाचं आहे. सांभाळून राहिले."

ती वाकली. म्हणाली, "छान आहे. काटा बघा कसा पळतो."

मी हात वर करून बघितला. काटा चालू होता. तेलाच्या धारेसारखा. वेळ चुकीची होती, पण चालू होता. मला वाटलं, जरा चालेल आणि थांबेल, नातीने सांगितलं तसं. थांबला नाही. मी हात-पाय धुतले, भाकरी खाल्ली, तरी चालूच. नातीला दाखवलं. तिने काढून घेतलं नाही, माझा हातच धरून बघत बसली.

तरी दुपारी आम्ही दोघी दुकानात गेलो. विश्वास बसत नव्हता. शेठनी ओळखलं. घड्याळ माझ्या कोपरावरून काढलं, एका यंत्रावर ठेवलं, कानाला लावलं. म्हणाले, "ह्याला काही झालेलं नाही."

नात म्हणाली, "कपाटात ठेवलं की बंद पडतं."

"पडणारच. ह्याला हात पाहिजे. नाही घातलं तर एक-दोन दिवसांत थांबतं. हातात घेतलं की जरा हलतं, परत थांबतं. मी त्या दिवशी विचारलं होतं ना, रोज घालणार का? नाना म्हणाले रोज."

शेठनी मग हळू सांगितलं, "आजी, मला रोज हेच होतं. काय काम करता विचारलं की माणूस जे करतो ते सांगत नाही. लोकांना काय दिसावं ते सांगतो. शिक्षक येतो, पायलटचं घड्याळ मागतो. मी काय करू? आता असं करा, हे परत घेतो. ह्याच्याऐवजी सेलवालं देतो, असंच दिसणारं. ते कपाटातसुद्धा चालेल. तुमच्या व्याह्यांना कपाटात चालणारं घड्याळ पाहिजे."

मला हसू आलं. खूप दिवसांनी. नात मात्र विचारात पडली. म्हणाली, "बदललं तर म्हणतील, भारीतलं परत घेतलं आणि हलकं दिलं."

"म्हणतील," मी म्हटलं.

"मग काय करू, आजी?"

मला काय समजतं. मी एवढंच म्हटलं की मी तुझ्याबरोबर धुळ्याला येते.

मुलाला मिलमधून सुट्टी नव्हती. दुसऱ्या दिवशी आम्ही दोघीच एस.टी.ने निघालो. पारोळा येईपर्यंत खिडकीतून नुसता जाळ येत होता. तेच घड्याळ माझ्या कोपरावर, वर पदर. नातीने वेळ लावून दिली होती. मी मधून मधून पदर बाजूला करून बघायचे. चालू होतं. त्या प्रवासात मी जेवढ्या वेळा घड्याळ बघितलं, तेवढं त्याआधी आयुष्यात बघितलं नव्हतं. नात खांद्यावर डोकं ठेवून झोपली होती. मला झोप आली नाही. मी मनात जुळवत होते काय बोलायचं. बोलायची सवय नाही मला. मी ऐकून घेणारी.

घरी पोचलो तर चहाची वेळ. याहीण ओट्यावर होती, नाना खुर्चीत. जावई दुकानातून नुकताच आलेला, हाताला खताची पांढरी पूड. त्याने मला वाकून नमस्कार केला, हात धुवायच्या आधीच, मग ओशाळला. मी म्हटलं, असू दे.

मी पदर बाजूला केला आणि घड्याळ काढून याहिणीच्या हातात दिलं. म्हटलं, "बिघडलेलं नाही. ह्याला हातावर ठेवावं लागतं. कपाटात झोपतं."

ती उलटसुलट करून बघत राहिली. "इतलं महाग, तरी हालावनं पडस?"

"शेठ तसंच म्हणाले. तेव्हाही म्हणाले होते."

नाना म्हणाले, "म्हणजे बैलासारखं. रोज हिंडवायचं. चारापाणी काय देता ह्याला, आजी?" आणि हसले. मीही हसल्यासारखं केलं. मला वाटलं, एवढ्यावर भागेल. पण नाना तसे नाहीत. मजेचा माणूस, मजा हातची सोडत नाही. त्यांनी पुतण्याकडे बघितलं, डोळे मिचकावले, म्हणाले, "चला, आते चहानी येय व्हयनी. काय वाजनात रे? देख सासराना घड्यायमा."

मी ओट्याच्या कडेला बसलेली होते. नात कप धरून दारात उभी. मी तिच्याकडे बघितलं नाही. मी जावयाकडे बघत होते. तो आता बाही मागे करेल, मोकळं मनगट धरेल, असं मला वाटलं.

जावयाने हात टॉवेलला पुसले. आईच्या हातातून घड्याळ घेतलं. बघितलं. "साडेचार," म्हणाला. मग जरा थांबून, नानांकडे न बघता म्हणाला, "चालू शे नाना. बंद आपनच ठेयेल व्हतं."

बस. एवढंच. आवाज चढवला नाही. नाना म्हणाले, "अरे, मी तर गंमत..." याहीण उठून आत गेली, चहात साखर कमी आहे म्हणून. नात दारातच उभी होती. हातातला कप तिने पुढे येऊन नवऱ्याला दिला.

मला खूप आनंद झाला असं तुम्हाला वाटेल. तसं नाही. मला फक्त थकल्यासारखं झालं. मला वाटलं, एवढंच होतं. माझ्या वेळेला हे एवढंच वाक्य कोणी म्हणायला पाहिजे होतं, आणि ते म्हणायला एवढासा वेळ लागतो.

मी रात्रभर राहिले नाही. जावयाने स्टँडवर सोडलं, गाडीत बसवलं, खिडकीतून पाण्याची बाटली दिली. गाडी सुटेपर्यंत उभा होता. म्हणाला, "आजी, मला ते काळं घड्याळ आवडलं होतं."

मी म्हटलं, "मला माहीत आहे. मी बघितलं होतं."

आता घड्याळ कोणाच्या हातात आहे, विचाराल. कोणाच्याच नाही. जावई दुकानात घालत नाही, युरियाने खराब होईल, हे त्यालाही पटतं. नातीने एकदा म्हटलं, मी दवाखान्यात घालून जाते, तर सासू म्हणाली, पुरुषाचं घड्याळ बाईच्या हातात बरं दिसत नाही. मग सासूनेच मार्ग काढला. रोज सकाळी देवाला दिवा लावते, मग कपाट उघडते, रुमाल सोडते आणि घड्याळ हातात घेऊन हलवते. बराच वेळ. आरतीत घंटी हलवतात तसं. हलवते, बघते, परत बांधून ठेवते. नातीने मला फोनमध्ये दाखवलं, सासूला न कळता. पारोळ्याला कोणाचं लग्न असलं तर आता ते चालू असतं. नाना मांडवात मागची काच दाखवतात आणि सांगतात, हे हातानं चालतं, सेल लागत नाही. जेवताना मात्र वेळ विचारत नाहीत, भिंतीवरच्या घड्याळाकडे बघतात.

मुलाला मी सगळं सांगितलं नाही. घड्याळ नीट आहे, चालू आहे, असं सांगितलं. तो म्हणाला, "बघ, भारीतलं होतं ना." मी हो म्हटलं.

माझे हात आता फार दुखतात. ह्या वर्षी बिबडे केले नाहीत.

हे जो कोणी वाचेल त्याला माझं एक सांगणं आहे. तुमच्या घरात सून आली असेल, आणि तिच्या माहेरून आलेली एखादी वस्तू बंद पडली, तर तिला काही म्हणायच्या आधी ती वस्तू एकदा आपल्या हातात घ्या, दिवसभर वापरून बघा. आणि कोणी तुमच्यासमोर तिच्या बापावरून गंमत केली, तर हसू नका.